शाळेला दुसऱ्या बाई हव्यात, तर अर्ज असा करा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीची २३ मुलं आणि बाई एकच. पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीला भागाकार समजवायचा आणि मधल्या दोन वर्गांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगायचं. बाई मीटिंगला गेल्या की शाळेला कुलूप. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे आणि माझा धाकटा याच शाळेत शिकतो. दुसऱ्या बाई यायला आम्हाला १४ महिने लागले. त्यातले बरेच महिने आमच्याच चुकीने वाया गेले, म्हणून हे लिहिते.

आमची मोठी चूक वर्गणीची. काजूच्या हंगामात हातात पैसे होते. घरटी वर्गणी काढली आणि वाड्यावरच्याच डी.एड. झालेल्या मुलीला शिकवायला ठेवलं. ती मनापासून शिकवायची, मुलंही खूश होती. पण आमची अडचण कागदावरून पुसली गेली. एका कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, "तुमचं चाललंय ना? मग घाई कसली?" बागायतीत मजुरी करणाऱ्यांनी खिशातून पगार द्यायचा आणि सरकारने जागा रिकामी ठेवायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्या मुलीलाही सरकारी पगाराच्या पावपटसुद्धा मिळत नव्हतं. वर्गणी काढू नका. आधी जागा मागा.

मागायची ती हक्काची म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या दिली आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन, ९१ ते १२० असतील तर चार. "६० मुलांपर्यंत दोन" याचा अर्थ नीट समजून घ्या. पट ८ असो की ५८, शिक्षक दोनच हवेत. "पट कमी आहे, एकच शिक्षक मिळेल" असं कोणी म्हणालं तर हे परिशिष्ट पुढे ठेवा.

अर्जाआधी बाईंशी बोला. आम्ही त्यांच्या पाठीमागे अर्ज लिहायला बसलो होतो आणि त्यांना वाटलं, तक्रार त्यांच्याविरुद्धच चालली आहे. समोर बसून बोललो तेव्हा त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं: माध्यान्ह आहाराची नोंद, युडायसची (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी नोंदणी) माहिती भरणं, मीटिंगा, प्रशिक्षण. मग आम्ही एक साधी वही केली. तारीख, बाई वर्गात नव्हत्या ते कारण, त्या दिवशी मुलांचं काय झालं. तीन महिन्यांत २६ नोंदी झाल्या. पुढे प्रत्येक ठिकाणी ही वही कामाला आली. "बाई सारख्या बाहेर असतात" या वाक्यावर वाद घालता येतो, २६ तारखांवर येत नाही. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीतलं मदतकार्य ही कामं शिक्षकांना देता येतात, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. त्यावर भांडत बसू नका, फक्त नोंद करा.

तुमच्या शाळेवर नेमलेला शिक्षक तात्पुरता म्हणून दुसऱ्या शाळेत पाठवला असेल तर कलम २५ वाचा. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण बिघडू नये म्हणून कायदा सांगतो की एका शाळेवरच्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येत नाही. त्या आदेशाची तारीख आणि क्रमांक मागा.

पट खरा आणि पूर्ण असू द्या. आमच्याकडे चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांची चार मुलं दिवसभर खाणीजवळ खेळायची, कारण जन्मदाखला नाही. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम १४ सांगतं, आणि आधार नसल्यानेही मुलाचा प्रवेश अडत नाही. ही मुलं आली म्हणून पट २३ झाला, आधी १९ होता. युडायसची नोंद ३० सप्टेंबरच्या पटावर होते, म्हणून चतुर्थीच्या सुट्टीआधी घरोघरी फिरून या.

आता अर्ज. आधी समितीची बैठक घ्या. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका असायला हव्यात. नसतील तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर ठरावावरच बोट ठेवलं जाईल. ठराव चार ओळींचा पुरे: पट इतका, शिक्षक एक, परिशिष्टाप्रमाणे दोन हवेत, दुसरा शिक्षक नेमावा. अर्जात शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक लिहा, वहीची झेरॉक्स जोडा. अर्ज भागशिक्षणाधिकाऱ्यांना, प्रत पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला आणि पंचायतीला. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय परत फिरू नका. आमचा पहिला अर्ज असाच नुसता ठेवून आलो होतो. दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा तो कुठेच नव्हता.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी विचारा: आमच्या शाळेला मंजूर पदं किती, भरलेली किती, आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. "शिक्षक का देत नाही?" असं विचारू नका. मागायची ती नोंदवलेली माहिती, कारण नव्हे. आम्हाला दुसरं पद रिकामं असल्याचं या उत्तरातूनच लेखी मिळालं. तेही पुरलं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२खाली लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

ग्रामसभेत विषय जरूर मांडा, पण लेखी द्या आणि इतिवृत्तात आला की नाही ते बघा.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान वेगळं आहे. ३० मुलांपर्यंतच्या शाळेला ते वर्षाला १०,००० रुपये मिळतं आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी असतात. त्यातून शिक्षकाचा पगार काढायला कोणी सुचवलं तर ऐकू नका.

नव्या बाई आल्या की रुजू झाल्याची तारीख ठरावाच्या वहीत लिहा. आमच्या बाई पेडण्याहून आल्या. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यासाठी खोली बघून दिली, कारण वाड्यावर कदंबची शेवटची बस पाचला जाते. आणि त्याच बैठकीत दुसरा ठराव घेतला: बदली झाली तर जागेवर दुसरा शिक्षक येईपर्यंत बाईंना कार्यमुक्त करू नये. त्याच्या प्रतीवरही शिक्का घेतला आहे.