मेसोपोटेमिया आणि इजिप्तच्या देवकथा कशा वाचाव्यात

मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) सुमेर व बाबिलोन किंवा प्राचीन इजिप्तच्या देवकथा वाचू लागणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे या कथांचा एकच एक प्रमाणग्रंथ कधीही नव्हता. आज आपल्या हाती आहे ते मातीच्या पट्टिकांवर, थडग्यांच्या भिंतींवर, शवपेट्यांवर आणि पपायरसच्या गुंडाळ्यांवर तीन हजार वर्षांच्या अवधीत वेगवेगळ्या शहरांतील लेखकांनी लिहिलेले साहित्य. संक्षिप्त पुस्तकांत ‘सुमेरी लोक असे मानत’ किंवा ‘इजिप्शियनांची श्रद्धा अशी होती’ अशी वाक्ये आढळतात, तेव्हा बहुधा निरनिराळ्या शतकांतील चार-पाच मजकूर एकत्र शिवलेले असतात. म्हणून प्रत्येक कथेपुढे वहीत तीन नोंदी कराव्यात: ती कोणत्या मजकुरात आहे, तो मजकूर कोठे सापडला आणि तो कोणत्या काळातील आहे.

या नोंदींचा उपयोग महाप्रलयाच्या कथेवरून चांगला समजतो. ही कथा बहुतेकांना गिल्गमेशच्या महाकाव्यामुळे ठाऊक असते. जॉर्ज स्मिथ यांनी निनवे येथील अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील पट्टिकांत ती ओळखली आणि 1872 मध्ये लंडनमध्ये जाहीरपणे वाचून दाखवली. महाकाव्याच्या त्या अकराव्या पट्टिकेत प्रलयातून बचावलेला उतनपिश्तिम प्रलयाचे वर्णन करतो, पण देवांनी प्रलय का आणला याचे कारण सांगत नाही. ते कारण इ.स.पू. सतराव्या शतकातील प्रतीत उपलब्ध असलेल्या अत्रहसिसच्या काव्यात मिळते. कालवे खणण्याच्या कष्टांना कंटाळून कनिष्ठ देव बंड करतात. त्यांचा भार उचलण्यासाठी माती आणि वध केलेल्या एका देवाचे रक्त-मांस यांपासून माणूस घडवला जातो; पण माणसांची संख्या वाढून त्यांच्या कोलाहलाने प्रमुख देव एन्लिलची झोप मोडते, आणि रोगराई व दुष्काळ पाठवूनही भागत नाही तेव्हा तो प्रलयाचा निर्णय घेतो. सुमेरी भाषेतील तिसऱ्या रूपात प्रलयातून बचावणाऱ्या माणसाचे नाव झिउसुद्र आहे. ही तिन्ही रूपे एकापुढे एक ठेवून वाचली, तर एका काव्याला माणूस कशासाठी निर्माण झाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि दुसऱ्याला मृत्यू टाळता येईल का हा, हे स्पष्ट दिसते. त्यांची सरमिसळ केली की हा भेद नाहीसा होतो.

मेसोपोटेमियासाठी पुढची पायरी म्हणजे नकाशा. तेथे देव हा प्रथम एका शहराचा स्वामी असे, त्यामुळे शहरांवर देवांची नावे लिहून घ्यावीत: एरिदूला एन्की, निप्पूरला एन्लिल, उरूकला आन आणि इनान्ना, ऊरला चंद्रदेव नन्ना, सिप्पर व लार्सा येथे सूर्यदेव उतू. त्यांसमोर अक्कादी (बाबिलोन व असिरियाच्या भाषेतील) नावेही लिहावीत: एन्कीचा एआ, इनान्नाची इश्तार, नन्नाचा सिन, उतूचा शमश. बाबिलोनचा मार्दुक पूर्वी फारसा मोठा देव नव्हता. शहराची सत्ता वाढली तसे त्याचे स्थान वाढले आणि ‘एनुमा एलिश’ या सात पट्टिकांच्या काव्यात तो आदिसमुद्राची देवता तिआमत हिचा वध करून देवांचा राजा झाला. देव त्याला पन्नास नावे अर्पण करतात. नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी हे काव्य म्हटले जाई. पुढे असिरियात त्याच काव्याच्या एका पाठात मार्दुकच्या जागी तेथील देव अशुरचे नाव घातले गेले. देवकथा आणि राजसत्ता यांचा संबंध याहून उघडपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

पहिले पूर्ण वाचन म्हणून माझी शिफारस ‘इनान्नाचे पाताळगमन’ या सुमेरी काव्याची आहे. सुमारे चारशे ओळींचे हे काव्य अतिशय सुंदर आहे आणि त्याचा बहुतेक भाग सलग वाचता येतो. प्रेम व युद्धाची देवी इनान्ना पाताळाची सात दारे ओलांडते, प्रत्येक दाराशी तिचा एकेक अलंकार किंवा वस्त्र काढून घेतले जाते, आणि शेवटी तिचे प्रेत खुंटीला टांगले जाते. एन्की नखांतल्या मळापासून दोन जीव घडवून तिला सोडवतो, पण पाताळाचा नियम असा की बदली माणूस दिल्याशिवाय कोणी परत जाऊ शकत नाही. शोक करण्याऐवजी उंची वस्त्रे लेवून सिंहासनावर बसलेला पती दुमुझी दिसताच ती त्यालाच पाताळातील सैतानांच्या हवाली करते. यानंतर लगेच अक्कादी ‘इश्तारचे पाताळगमन’ वाचावे. ते बरेच लहान आहे आणि त्यात इश्तार पाताळात असताना पृथ्वीवर पशू व माणसे यांचे मीलन थांबते असे म्हटले आहे. सुमेरी काव्यात हा प्रसंग नाही. त्यामुळे ‘ही ऋतुचक्राची कथा आहे’ हे सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण दोन्ही काव्यांना सारखे लागू पडत नाही, हे आपले आपल्यालाच उमगते.

इजिप्तकडे वळताना वाचनाची रीत बदलावी लागते, कारण तेथे सलग कथा कमी आणि मंत्र, स्तोत्रे व चित्रे फार आहेत. भाऊ सेतने ठार मारलेल्या ओसायरिस देवाची कथा हे याचे ठळक उदाहरण आहे. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ.स.पू. चोविसाव्या शतकात, तिचे उल्लेख भिंतींवरील मंत्रांत येतात. पण ते ऐकणाऱ्याला कथा माहीतच आहे असे धरून केलेले आहेत, आणि खुद्द हत्येविषयी हे मजकूर फारच जपून बोलतात. आदीपासून अंतापर्यंतची कथा आपल्याला मिळते ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडून. देहाचे चौदा तुकडे केल्याचा प्रसंग त्याच्याच वृत्तान्तात आहे. दोहोंमध्ये अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. म्हणून प्लूटार्कचा सांगाडा आधाराला घ्यावा, परंतु प्रत्येक प्रसंग इजिप्शियन मजकुरात कोठे आढळतो हे शोधावे. सिंहासनासाठी ओसायरिसचा मुलगा होरस आणि सेत यांच्यात चाललेला वाद, उदाहरणार्थ, विसाव्या राजवंशाच्या काळातील एका पपायरसवर विस्ताराने आहे.

सेतला ‘दुष्ट देव’ ठरवून मोकळे होऊ नये. रा या सूर्यदेवाच्या नौकेच्या अग्रभागी उभा राहून तोच नौकेवर चालून येणाऱ्या अपेप सर्पाला भाल्याने भोसकतो, आणि सेती या नावाच्या राजांनी आपले नाव त्याच्यावरूनच घेतले होते.

सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथाही तेथे स्थानानुसार भिन्न आहेत. हेलिओपोलिसच्या परंपरेत आदिजलातून आतुम देव प्रकटतो आणि त्याच्यापासून शू व तेफनूत ही देवांची जोडी जन्मते. हर्मोपोलिसमध्ये चार जोड्यांचे आठ आदिदेव आहेत. मेम्फिसचा देव प्ताह हृदयात विचार करून जिभेने उच्चारतो आणि जग अस्तित्वात येते. मेम्फिसची कथा ज्या शिळेवर आहे ती शबाका राजाने इ.स.पू. 700 च्या सुमारास कोरवली. यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न इजिप्शियन माणसाला पडत नसे; वाचकानेही तो बाजूला ठेवावा.

चित्रे पाहताना चेहऱ्यापेक्षा मस्तकावरील चिन्ह पाहावे. थोथ हा देव कधी आयबिस पक्ष्याच्या, तर कधी बबून माकडाच्या रूपात येतो. गाईची शिंगे आणि मधले सूर्यबिंब मुळात हाथोर देवीचे, पण नंतर आयसिस देवीच्या मस्तकावरही ते दिसते; मग शेजारी कोरलेले नाव वाचल्याशिवाय देवता सांगता येत नाही. मेसोपोटेमियात शिंगांचा मुकुट दिसला की ती आकृती बहुधा देवाची, असे समजावे.

भाषांतर निवडताना चौकोनी कंस आणि ठिपके राखणारे भाषांतर घ्यावे. कंसातील शब्द अभ्यासकांनी भरलेले असतात आणि ठिपके म्हणजे पट्टिकेचा तुटलेला भाग. सुमेरी साहित्याची अशी भाषांतरे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य वाचता येतात. ही सवय लागली की अनुन्नाकी हे परग्रहावरून आले असे सांगणाऱ्या लेखनाची परीक्षाही सहज होते. पट्टिकेचे नाव आणि ओळीचा क्रमांक विचारावा, ती ओळ संग्रहात काढावी आणि तिच्या आगेमागेच्या वीस ओळी वाचाव्यात. अनुन्नाकी तेथे आन देवाची संतती, भाग्य ठरवणारे थोर देव किंवा पाताळातील न्यायाधीश म्हणून भेटतात. ते परग्रहावरून आले असा निर्देश कोणत्याही सुमेरी वा अक्कादी काव्यात नाही.