सहलीचं वेळापत्रक: आधी प्रयोगशाळेचे तास

शाळेत सव्वीस वर्षं वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे होतं. बावीस तुकड्या, एक प्रयोगशाळा, एक मैदान आणि आठवड्यातून तीनच दिवस येणारे चित्रकलेचे सर. मराठी-गणित आधी लावत बसलं, तर शेवटी प्रयोगशाळेला जागाच उरत नाही आणि अख्खा कागद फाडावा लागतो, हे पहिल्याच वर्षी कळतं. म्हणून जे हलत नाही ते आधी लावायचं. चित्रकलेचे सर, मग प्रयोगशाळा, मग मैदान. बाकीचे विषय कुठेही बसतात.

पॅरिसला पहिल्यांदा गेलो तेव्हा नेमकं हेच मी विसरले. आम्ही पाच जण होतो: मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई आणि पुतणी. यादीत एकतीस ठिकाणं होती, क्रम आवडीप्रमाणे. मंगळवारी सकाळी लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडपुढे पोहोचलो, तर रांगच नाही. मी खूश. पुतणी फोन बघून म्हणाली, "काकू, मंगळवारी बंद असतं." भाऊजी काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, शाळेचं वेळापत्रक तुम्हीच लावायचात ना?"

तेव्हापासून मी चौकटीच्या वहीचं पान घेते. उभे रकाने दिवसांचे, आडवे तीनच: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि एकही ठिकाण लिहायच्या आधी फुल्या मारते. फुली म्हणजे साप्ताहिक सुट्टी. प्रत्येक शहराची तऱ्हा वेगळी. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, तर नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय सोमवारी. इस्तंबूलला तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, ग्रँड बझार रविवारी, आणि मोठ्या मशिदींमध्ये शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये रविवारी फक्त प्रार्थनेला जाता येतं. दिल्लीत सोमवार हा मोठा गोंधळाचा दिवस: लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, सगळं एकदम बंद. पण हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार उघडे असतात. म्हणजे दिल्लीच्या सोमवारी काय करायचं हे आपल्याला ठरवावंच लागत नाही, कागदच सांगतो.

फुल्यांसोबत उलट खुणाही करा. काही ठिकाणं आठवड्यातून एखाद-दोन दिवस रात्रीपर्यंत उघडी असतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. सहलींच्या बसगाड्या तोवर गेलेल्या असतात. दुसऱ्या खेपेला लूव्र आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं. आणखी एक: 'सहा वाजता बंद' याचा अर्थ सहाला पाच मिनिटं कमी असताना आत सोडतात असा नव्हे. शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक तास आधी असतो. आणि दुरुस्तीची कामं बघून घ्या. लंडनचं ते प्रसिद्ध घड्याळ, बिग बेन, २०१७ पासून २०२२ पर्यंत दुरुस्तीत होतं आणि त्यातला बराच काळ मनोरा परांचीआड होता. आम्ही २०१९ मध्ये गेलो. जाऊबाईंच्या फोटोत मागे उभी दिसते ती परांची.

फुल्या झाल्या की वेळ ठरलेली तिकिटं. हे आपले चित्रकलेचे सर. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे चित्र भिंतीवर आहे. थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात, पंधरा मिनिटं देतात, आणि आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या ॲमस्टरडॅममधल्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची खिडकी उघडते. बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलिया चर्चलाही ठरलेल्या वेळेचंच तिकीट. अशी तिकिटं मिळेपर्यंत बाकीच्या चौकटी पेन्सिलनेच भरायच्या. आणि तिकीट त्या जागेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. शोधल्यावर वर दिसतात त्या बऱ्याचदा दलालांच्या जाहिराती असतात. तेच तिकीट, वर दलाली.

वेळ निवडताना सूर्य कुठे असेल तेही बघते. हा माझा खास हट्ट. सग्रादा फामिलियात पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी गेलात तर आत निळसर पाणी सांडल्यासारखं वाटतं, दुपार कलल्यावर तोच दगड पेटतो. तिकिटाचे पैसे तेवढेच. उंच मनोऱ्यांवर मात्र सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटं सगळ्यात आधी संपतात. मिळालं तर तासभर आधीचं घ्या, म्हणजे शहर उजेडात, संधिप्रकाशात आणि दिव्यांत असं तिन्ही रूपांत दिसतं.

आता उरलेल्या चौकटी. शाळेत मी एक पथ्य पाळायचे: शिक्षकाला तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणि पुढच्या तासाला परत तिसऱ्यावर पळवायचं नाही. शहरातही तेच. ठिकाणं महत्त्वानुसार लावू नका, शेजारानुसार लावा. लंडनमध्ये ॲबी, संसद, ट्रॅफल्गर चौक आणि बकिंगहॅम राजवाडा एका दिवसाच्या चालीत येतात. टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज आणि सेंट पॉल हा दुसरा गट. ग्रिनिच तिसरा, आणि तिथे बोटीने गेलं तर जाणं हीच अर्धी सहल.

शेजार ठरवताना मेट्रोच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. लंडनचा तो सुंदर नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये आखला आणि १९३३ मध्ये तो छापला गेला. त्याने खरी अंतरं मुद्दाम सोडून दिली. गाडी कुठे बदलायची एवढंच कळावं म्हणून रेषा सरळ केल्या, स्टेशनं सारख्या अंतरावर ठेवली. जगभरच्या मेट्रोंनी पुढे तीच पद्धत उचलली. त्यामुळे नकाशात एक अख्खं स्टेशन दूर दिसणारं कॉव्हेंट गार्डन हे लेस्टर स्क्वेअरपासून खरं तर अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर आहे. आम्ही खाली उतरलो, गाडीची वाट बघितली, एक स्टेशन गेलो, लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो, वर आलो. ह्यांचे गुडघे दुखत होते म्हणून चालणं वाचवायला केलेला हा उद्योग. म्हणून मेट्रोचा नकाशा गाडीत बसल्यावर बघायचा, दिवस आखताना रस्त्यांचा.

फोन चालायला वीस मिनिटं सांगतो तिथे मी पस्तीस लिहिते. फोन एकटा चालतो, आम्ही पाच जण. कुणाला फोटो, कुणाला स्वच्छतागृह, कुणाला दुकानाची काच. (स्वच्छतागृह संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी, गरज असो वा नसो. लहान मुलांना सांगतो तसंच मोठ्यांनाही सांगावं लागतं.)

तिकिटांच्या पासाचं एकच गणित आहे. आपण खरंच जाणार त्या ठिकाणांची तिकिटं बेरीज करा, पासाशी ताडून बघा. पासात 'साठ ठिकाणं' आहेत याला काही अर्थ नाही. शिवाय पास घेतला की तो वसूल करायला माणूस पळतो. आमच्या भाऊजींनी एकदा एका दिवसात पाच ठिकाणं वसूल केली. त्यातल्या दोनची नावं त्यांना त्याच रात्री आठवेनात. बस-मेट्रोसाठी आता बऱ्याच शहरांत बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. लंडनमध्ये दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण ती मोजायला दर वेळी तेच कार्ड लागतं. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवलात तर यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी. आणि माणशी एक कार्ड, हे निघण्याआधीच बघून ठेवा.

संग्रहालयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सहलीतली सगळ्यात जास्त भांडणं तिथे होतात. माणूस थकतो ते नुसता चालून नाही, थांबत-थांबत, वाकून, मान वर करून चालल्यामुळे. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्येच याच्यावर लेख लिहिला होता. खालची पाटी वाचायला माणूस कसा दुमडतो याचे फोटोच काढले होते. माझा हिशोब असा: दोन तास, मग बाहेर. 'सगळं बघू' हा विचार सोडून द्या. लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीसमोर अर्धा मिनिट थांबलं आणि रोज नऊ तास दिले, तरी महिना संपेल. म्हणून घरूनच प्रत्येकाने आपल्या दोन वस्तू सांगायच्या. पाच जणांच्या दहा. त्या बघताना वाटेत जे दिसेल ते आपलंच.

पुतणीने मोनालिसा सांगितली होती, म्हणून त्या गर्दीत उभे राहिलो. मला पुढचं काही दिसेना, म्हणून मागे वळले. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेने रंगवलेला, बायबलमधल्या काना गावातला लग्नसोहळा आहे, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र, जवळजवळ दहा मीटर रुंद. शे-दीडशे माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी होती. मी एकटीने ते लग्न निवांत पाहिलं.

आता ऑफ तास. शाळेत ऑफ तास नसलेला शिक्षक डिसेंबरपर्यंत चिडचिडा होतो, सहलीत तिसऱ्या दिवशी होतो. रोजच्या तीन चौकटींपैकी एक रिकामी ठेवायचीच. ती रिकामी आहे हे कागदावर लिहून ठेवायचं, नाहीतर कुणीतरी भरतं. पोहोचल्याच्या दिवशी वेळेचं तिकीट कशाचंच नको. विमानाला उशीर होतो, सामान येत नाही, आणि लांबून आलात तर शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, त्यातही पूर्वेकडे जाताना जास्त त्रास. त्या दिवशी राहत्या जागेच्या आसपास पायी फिरायचं: स्टेशनचं कुठलं दार, औषधाचं दुकान कुठे.

बदली तास वेगळा. पाऊस लागला, संप झाला, कुणाला ताप आला तर काय, याची दोन ठिकाणं पानाच्या समासात लिहून ठेवते. ती आत छत असलेली, तिकीट आधी काढायला न लागणारी आणि राहत्या जागेजवळची हवीत. लंडनला आमचा बदली तास ब्रिटिश म्युझियम होतं. कायमच्या संग्रहाला प्रवेश मोफत, त्यामुळे तासाभरात निघालो तरी जीव जळला नाही.

चार-पाच दिवसांच्या सहलीत एक अर्धा दिवस प्रत्येकाने आपापला फिरायचा. यावर पहिल्यांदा जाऊबाई रुसल्या होत्या, आता त्याच आधी विचारतात, "ताई, सुट्टा दिवस कुठला?" भेटायची जागा आणि वेळ मात्र आधी ठरवायची, तीही नेमकी: 'स्टेशनवर' नाही, 'तीन नंबरच्या दाराबाहेर, घड्याळाखाली, साडेसहाला'. फोनची बॅटरी संपते.

परतीच्या दिवशी चौकटीत मी फक्त दोनच गोष्टी लिहिते: खोली किती वाजता सोडायची आणि सामान कुठे ठेवायचं. उरलेल्या जागेत पुतणी दर वेळी पेन्सिलने काहीतरी घुसवते. मागच्या वेळी लिहिलं होतं, 'काकूचं लग्नाचं चित्र, पुन्हा'. वार मंगळवार होता, म्हणून खोडलं.