१ : १.५ : ३ आणि साईटवरचं पहिलं वर्ष

डिप्लोमा झाला, कळंब्याकडं नाहीतर उचगावात बंगल्याच्या साईटवर लागलात, की पहिल्याच स्लॅबला प्रश्न येणार: "साहेब, सिमेंट किती पोती सांगू?" गुणोत्तराची बेरीज करून एकूणाला भागायचं, हे शाळेतलं मी पुन्हा सांगत नाही. एम-२० ही काँक्रीटची प्रत, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३, भाग साडेपाच.

गोची आहे ती एकूण कशाला धरायचं यात. स्लॅब ५ मीटर बाय ४ मीटर, जाडी १२५ मिलिमीटर. ओलं काँक्रीट २.५ घनमीटर. तेच साडेपाचनं भागलं तर सिमेंट ०.४५५ घनमीटर, घनमीटरला १४४० किलो धरून ६५५ किलो, म्हणजे ५० किलोची १३ पोती. भागाकार चोख, आणि तरी माल कमी पडणार! खडीच्या फटीत वाळू शिरते, वाळूच्या फटीत सिमेंट, पाणी पडलं की सगळं खाली बसतं. गुणोत्तर सुक्या मालाचं आहे, तर एकूणही सुक्याचंच हवं. सुका माल ओल्याच्या १.५४ पट धरतात, म्हणून २.५ गुणिले १.५४, झाले ३.८५. आता साडेपाचनं भागा: ०.७. सिमेंट ०.७, वाळू १.०५, खडी २.१, बेरीज परत ३.८५ येते का बघाच. सिमेंट १००८ किलो, २० पोती. अर्ध्या स्लॅबवर सात पोती कमी पडल्यावर ठेकेदार काय काय बोलतो, ते माझ्या कानात अजून आहे.

घाबरू नका, दोन-तीन स्लॅबनंतर हात बसतो. पण "घनमीटरला आठ पोती" एवढंच पाठ करणाऱ्यांचा मला राग येतो. १ : २ : ४ आलं की भाग सात होतात, पोती सव्वासहाच लागतात. मिस्त्रीकडून फरमा, म्हणजे माल मोजायची पेटी, भरायला जरूर शिका, त्याच्यासारखा मास्तर नाही. पोत्यांचा आकडा मात्र स्वतः काढा.

फरमा ३५ लिटरचा, एका पोत्याएवढा. पोत्यामागं दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी. घमेल्यानं मोजू देऊ नका, दर माणसाचं घमेलं वेगळं भरतं. आपल्याकडच्या पावसात तर वाळू ओली असते आणि ओलसर वाळू २० ते ३० टक्के फुगते. फरमा भरलेला दिसतो, आत वाळू कमीच. तेवढी वाढवून घ्या.

डंपरवाला ब्रासमध्ये बोलतो, एक ब्रास २.८३ घनमीटर. वरच्या स्लॅबला वाळू ०.३७ ब्रास, खडी ०.७४. सांडलवंड धरून अर्धा आणि एक मागवा.