ऑडिओग्राम वाचण्याआधी: ऑडिओलॉजीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी काही संज्ञा

बीएएसएलपीला (ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषा उपचाराच्या पदवीला) बारावीला जीवशास्त्र घेतलेली मुलं येतात, तशी गणितवालीही येतात. पहिल्यांना डेसिबल नडतो, दुसऱ्यांना कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला शंखासारखा अवयव. ओपीडीत मात्र दोघंही एकाच प्रश्नाला अडखळतात. रुग्ण विचारतो, "किती टक्के ऐकू येतं?" आणि हातातल्या कागदावर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर (ऑडिओग्रामवर), टक्का कुठेच नसतो. या शास्त्रातला प्रत्येक आकडा कशाच्या तरी तुलनेत असतो. कशाच्या, हे कळलं की निम्म्या संज्ञा पाठ करायची गरज उरत नाही.

डेसिबलपासूनच सुरुवात करू, कारण पहिल्या सहा महिन्यांतला बराचसा गोंधळ तिथलाच असतो. डेसिबल हे गुणोत्तर आहे आणि तेही लॉगमध्ये. म्हणून 80 डेसिबलची दोन यंत्रं शेजारी सुरू केली तर आवाज 160 होत नाही, 83 होतो. डीबी एसपीएलमध्ये तुलना 20 मायक्रोपास्कल दाबाशी असते. साउंड लेव्हल मीटर हीच भाषा बोलतं. ऑडिओमीटरच्या, म्हणजे ऐकणं तपासायच्या यंत्राच्या डायलवर असतं ते डीबी एचएल, आणि तिथे तुलना निरोगी तरुण कानांच्या सरासरीशी असते. कान सगळ्या स्वरांना सारखा तीक्ष्ण नसतो, त्यामुळे टीडीएच-39 हेडफोनवर 0 डीबी एचएल म्हणजे 1000 हर्ट्झला 7 डीबी एसपीएल, पण 250 हर्ट्झला 25.5. शून्याचा अर्थ 'आवाज नाही' असा होत नाही, हे यातूनच येतं. कुणाचा थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारी पातळी) उणे 10 आला तर मशीन बिघडलं असं समजू नका, तो कान सरासरीपेक्षा चांगला आहे.

तिसरं डीबी एसएल. ही तुलना त्याच रुग्णाच्या स्वतःच्या थ्रेशोल्डशी. थ्रेशोल्ड 50 असलेल्याला 40 डीबी एसएलवर शब्द ऐकवायचे तर डायल 90वर जाते. कॉक्लियाचा दोष असलेल्या रुग्णाला ते सहन होत नाही आणि तो हेडफोन काढून ठेवतो. असल्या कानाला बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो; याला रिक्रूटमेंट म्हणतात.

आता थ्रेशोल्ड. पुस्तकातली व्याख्या सोपी आहे: जो आवाज निम्म्या वेळा तरी ऐकू येतो, अशी सगळ्यात खालची पातळी. काढायची पद्धत बोटांत बसायला वेळ लागतो. चांगला ऐकू येणारा कान आधी घ्या. 1000 हर्ट्झला 30 डीबीपासून सुरू करा. ऐकू आलं की 10ने खाली, नाही आलं की 5ने वर. वर जाताना तीनपैकी दोनदा प्रतिसाद मिळाला ती पातळी लिहा. मग 2000, 4000, 8000, पुन्हा 1000, नंतर 500 आणि 250. दुसऱ्यांदा घेतलेला 1000 पहिल्यापेक्षा 5हून जास्त फरकाने आला तर पुढे जाऊ नका, सूचना पुन्हा द्या. शेजारच्या दोन ऑक्टेव्हमध्ये (दुपटीच्या फ्रिक्वेन्सींमध्ये, जसं 1000 आणि 2000) 20 डीबी किंवा जास्त फरक असेल तर मधली फ्रिक्वेन्सीही घ्या.

सगळ्यात जास्त चुका सूचनेतच होतात. "आवाज आला की बटण दाबा" एवढंच सांगितलं तर बरेच जण आवाज स्पष्ट येईपर्यंत थांबतात आणि सगळा ऑडिओग्राम 10–15 डीबीने वाईट दिसतो. "अगदी बारीक आला, नुसता भास झाल्यासारखा वाटला तरी दाबा" असं सांगा. टोन एक ते दोन सेकंदांचा ठेवा आणि मधली विश्रांती बदलती, नाहीतर रुग्ण ताल धरून बटण दाबायला लागतो. चष्मा, कानातले, कानावरचे केस आधी बाजूला. वयस्कर माणसांत हेडफोनच्या दाबाने कानाची नळी मिटते आणि वरच्या फ्रिक्वेन्सींना खोटी गॅप दिसते. शंका आली तर इन्सर्ट इअरफोन वापरा.

गॅप म्हणजे एअर आणि बोन थ्रेशोल्डमधलं अंतर. एअरचा आवाज नळी, पडदा, हाडांची साखळी असा सगळा रस्ता चालून येतो. कानामागे लावलेला व्हायब्रेटर थेट कॉक्लिया हलवतो. एअर खराब, बोन चांगलं आणि अंतर 10 डीबीहून जास्त असेल तर कंडक्टिव्ह लॉस: मळ, कान वाहणं, फाटलेला पडदा, ओटोस्क्लेरोसिस (साखळीतलं हाड जखडणं). दोन्ही सारखेच खराब असतील तर सेन्सरीन्यूरल, म्हणजे कॉक्लियाचा किंवा नसेचा दोष. दोन्ही खराब आणि वर गॅपही असेल तर मिक्स्ड. निव्वळ कंडक्टिव्ह लॉस साधारण 60 डीबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे 85चा 'कंडक्टिव्ह' दिसला तर आधी स्वतःच्या बोन टेस्टवर संशय घ्या. बोनला 250 आणि 500 हर्ट्झवर जास्त आवाज दिला की रुग्णाला तो ऐकू न येता कंप जाणवतो आणि तो प्रामाणिकपणे बटण दाबतो. पूर्ण बहिऱ्या कानात खालच्या स्वरांना गॅप दिसते ती यामुळे.

मास्किंग हा धडा सगळे टाळतात, म्हणून जरा सविस्तर. समजा रुग्णाचा उजवा कान पूर्ण गेलेला आहे आणि डावा उत्तम. साध्या हेडफोनने उजवीकडे आवाज वाढवत नेला की साधारण 40 डीबीच्या वर तो कवटीतून डाव्या कॉक्लियाला पोचू लागतो. रुग्ण बटण दाबतो आणि उजव्या कानाचा 50–60चा छान ऑडिओग्राम तयार होतो. हा शॅडो कर्व्ह. त्यात उजव्या कानाचं काहीच नाही. त्यावर उजव्या कानाला मशीन बसवलं तर ते चार दिवसांत कपाटात जाणार. म्हणून डाव्या कानात नॅरो बँड नॉइज (त्याच स्वराभोवतीचा खरखराट) देऊन त्याला गुंतवून ठेवायचं आणि मग उजवा तपासायचा; हेच मास्किंग. बोनला तर दोन कानांत अडसरच नसतो, 0 डीबी धरून चला. चिन्हांमध्येही हे दिसलं पाहिजे: उजवा लाल गोल, डावा निळी फुली, मास्किंग केलं की उजव्याचा त्रिकोण, डाव्याचा चौकोन.

लॉसची तीव्रता लिहिताना कोणतं वर्गीकरण वापरलं ते नोंदवा. थ्रेशोल्डची सरासरी 38 डीबी असेल तर जुन्या, क्लार्कच्या तक्त्यात तो माइल्ड आहे (26 ते 40), जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या तक्त्यात मॉडरेट (35 ते 50च्या आत). रुग्ण दोन सेंटरचे रिपोर्ट घेऊन येतो आणि "वाढलं का हो?" म्हणून घाबरतो, तेव्हा बऱ्याचदा फरक एवढाच असतो.

सरासरीही फसवते. 500, 1000, 2000ला 15, 15, 20 आणि 4000ला 60 असा ऑडिओग्राम प्रेस शॉपमधल्या (पत्रे ठोकण्याच्या गोंगाटी विभागातल्या) कामगारांत नेहमीचा. तीन फ्रिक्वेन्सींची सरासरी 17 येते, म्हणजे कागदावर नॉर्मल. तक्रार मात्र खरी असते: "आवाज येतो, शब्द कळत नाहीत." स, श यांची ऊर्जा वरच्या स्वरांत असते, 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. अशा माणसाला कामाची पाळी संपल्यावर लगेच तपासू नका. गोंगाटापासून किमान 14–16 तास लांब राहिल्यानंतर बोलवा, नाहीतर तात्पुरता बिघडलेला थ्रेशोल्ड कायमचा म्हणून नोंदला जाईल.

टिंपॅनोमेट्री ऐकणं मोजत नाही, पडद्याची हालचाल मोजते. सपाट म्हणजे बी प्रकारचा आलेख आला की शेजारचा व्हॉल्यूमचा, म्हणजे नळीतल्या पोकळीच्या आकारमानाचा आकडा बघा: नेहमीचा असेल तर पडद्यामागे पाणी, फार मोठा असेल तर पडद्याला भोक, फार छोटा असेल तर मळ किंवा नळीच्या भिंतीला टेकलेला प्रोब. सहा महिन्यांखालच्या बाळाला 226ऐवजी 1000 हर्ट्झचा प्रोब टोन लावा. ओएई (कानातूनच परत येणारे बारीक आवाज टिपणारी तपासणी) कॉक्लियातल्या बाहेरच्या हेअर सेल्सबद्दल सांगते, बेरा (आवाजाला मिळणारे विद्युत प्रतिसाद लाटांच्या रूपात टिपणारी तपासणी) त्यापुढच्या नसेबद्दल. ओएई पास आणि बेरात लाटाच नाहीत, असं दिसलं तर ऑडिटरी न्यूरोपथीचा (नसेतून संदेश नीट न जाण्याच्या दोषाचा) विचार करा. 'ओएई पास, बाळ ऐकतं' असं आईला सांगून मोकळं होऊ नका.

आणि तो टक्का. तो फक्त दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी असतो. प्रत्येक कानाची 500, 1000, 2000, 4000ची सरासरी घेऊन सरकारी तक्त्यावरून टक्के काढतात, मग चांगल्या कानाच्या टक्क्यांना 5ने गुणून वाईट कानाचे मिळवायचे आणि 6ने भागायचं. चांगला 40, वाईट 100 असेल तर 50 टक्के. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर जेमतेम 17, म्हणजे सवलतींसाठी लागणाऱ्या 40च्या बरंच खाली. तपासणी सुरू होण्याआधीच रुग्णाला हे सांगितलेलं बरं, कारण रांगेत दिवस घालवून आलेल्याला निकालाच्या खिडकीवर ते ऐकवणं फार कठीण जातं.