गाव आणि पोस्ट एक नव्हे: गावाची यादी करताना या चुका टाळा

कोकणातील गावांच्या मुंबईतील ग्रामविकास मंडळांसाठी कुटुंबांच्या याद्या तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. नवा कार्यकर्ता आला की त्याच्या वहीत मला बहुधा एकच चूक सापडते: पत्त्यात ज्या गावाचे पोस्ट लिहिलेले असते, तेच त्या कुटुंबाचे गाव असे त्याने गृहीत धरलेले असते. ही चूक लहान दिसते, पण तिच्यामुळे माणसे आपल्याच गावाच्या यादीतून बाहेर पडतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पत्रांवर मु., पो., ता. आणि जि. अशी चार निरनिराळी अक्षरे असत व प्रत्येकापुढे वेगळे नाव येऊ शके. मुक्काम म्हणजे माणूस जेथे राहतो ती वस्ती आणि पोस्ट म्हणजे त्याचे टपाल ज्या कार्यालयात येते ते ठिकाण. दोन्ही एकच असतील तेव्हाच ‘मु. पो.’ असे जोडून लिहिण्याची पद्धत होती. आता मात्र प्रत्येक नावाआधी सरसकट ‘मु. पो.’ लावले जाते, त्यामुळे मुक्कामाचे नाव गळते आणि पोस्टाचे तेवढे उरते.

एका गावाच्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार ठरला, तेव्हा प्रत्येक घराला सभेची सूचना पाठवायची होती. एका उत्साही तरुणाने जुनी यादी संगणकावर घेतली, पोस्टाच्या रकान्याप्रमाणे घरे वेगळी केली आणि एका संध्याकाळीच काम संपवले. त्या गावाची एक वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आहे. पावसाळ्यात मूळ गावातून तिकडे जाणे कठीण असल्यामुळे तिचे टपाल शेजारच्या गावातील शाखा डाकघरातून येते. जमीन, मंदिरातील मान आणि सोयरसुतक या सगळ्या बाबतींत ती वाडी आमच्याकडची आहे, तरी तिची २७ घरे यादीतून गेली. सभा झाली, वर्गणी ठरली आणि त्या वाडीला याची खबरच नव्हती. शिमग्यात पालखी नेहमीप्रमाणे त्या वाडीत गेली. ओट्या भरल्या गेल्या, नवस बोलले गेले आणि मग एका वयस्कर मानकऱ्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, “देव आमच्या अंगणात येतो, मग तुमची चिठ्ठी का येत नाही?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते अधिक लागले. नंतर दोन जाणत्या माणसांना घेऊन मी घरोघर फिरलो, यादी नव्याने केली आणि सभा पुन्हा बोलावण्यास मंडळाला भाग पाडले.

तेव्हापासून मी पोस्टाचे नाव सर्वांत शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो तो अंगणात कोणत्या देवीची पालखी येते हा. त्यानंतर वाडीचे नाव, मग सातबाऱ्यावरील गावाचे नाव, मग घरपट्टी कोणत्या ग्रामपंचायतीत भरली जाते ते, आणि शेवटी पोस्ट व पिन. ही पाच उत्तरे मी पाच रकान्यांत लिहितो व ती परस्परांशी जुळवण्याचा प्रयत्न करीत नाही. घर एका महसुली गावात आणि देव दुसऱ्या गावातला, असे कित्येक घरांच्या बाबतीत खरेच असते, आणि ते तसेच लिहावे लागते.

दुसरी चूक पिनवरून सीमा ठरवण्याची आहे. पिन ही व्यवस्था १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती उभी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व डाक खात्यातील अधिकारी होते. एकसारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या आणि चुकीचे पत्ते यांतून पत्र योग्य ठिकाणी पोहोचावे, हा तिचा हेतू. पहिला अंक विभाग सांगतो, तिसऱ्या अंकापर्यंत टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. म्हणजे हा आकडा टपालाच्या पिशवीचा मार्ग सांगतो. त्यातील ‘जिल्हा’देखील जिल्हाधिकाऱ्यांचा जिल्हा नव्हे. रत्नागिरी शहराचा पिन ४१५६१२ आणि साताऱ्याचा ४१५००१. मध्ये सह्याद्री उभा असूनही पहिले तीन अंक सारखे आहेत. उलट राजापूर रत्नागिरी जिल्ह्यातच असून त्याचा पिन ४१६७०२, म्हणजे कोल्हापूरच्या ४१६००१ च्या ओळीतला. उरणचा ४००७०२ पाहून ते मुंबईत टाकणारे मी पाहिले आहेत, वस्तुतः उरण हा रायगड जिल्ह्यातील तालुका आहे.

ग्रामीण भागात तर अनेक शाखा डाकघरे एकाच कार्यालयाचा पिन वापरतात, त्यामुळे एका पिनखाली कित्येक गावे येतात. शहरालगतही हाच घोळ आहे. वाकड आणि हिंजवडी या दोहोंचा पिन ४११०५७, परंतु वाकड पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेल्यानंतरही हिंजवडीचा कारभार मुळशी तालुक्यातील ग्रामपंचायत म्हणूनच चालत राहिला. पिन टाकताच तालुका व गाव आपोआप भरणारे अर्ज मला म्हणूनच मान्य नाहीत. त्यांतून दोन मिनिटे वाचतात, पण चुकलेला तालुका पुढे प्रत्येक कागदावर उतरत जातो. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा ठिकाणाचा डिजिटल संकेतांकही साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन नेमका दाखवतो. त्या चौकोनातील घर कोणत्या गावकीचे, हे त्यालाही सांगता येत नाही.

जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव पाहून थांबू नका: पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पिन मात्र ४०१४०४ असाच राहिला.

बुद्रुक आणि खुर्द कधीही गाळू नका. ती दोन गावे असतात.

गट ग्रामपंचायतीचे नाव म्हणजे गावाचे नाव नव्हे, तिच्याखाली अनेक महसुली गावे असू शकतात.

महानगरपालिकेत गेलेले गाव ‘संपले’ असे लिहू नका. वाघोली २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, तरी तेथील गावठाण आणि भावकी जागच्या जागी आहेत.

सीमेच्या खुणा नकाशावर मिळाल्या नाहीत तर नावांत शोधा. मुंबईतले शीव हे नावच शिवेवरून आले आहे, कारण मुंबई बेटाची हद्द तेथे संपे. आज तेथील ४०००२२ या पिनवरून हे कोणालाही कळणार नाही. गावोगावच्या शिवेवरचा दगड, वेताळाचे किंवा म्हसोबाचे स्थान आणि ओढ्याचे वळण ही माहिती तेथील म्हाताऱ्या माणसांकडेच असते. घाई असलेला कार्यकर्ता त्यांच्याकडे जात नाही, कारण तेथे अर्धा दिवस बसावे लागते. मी नव्या मुलांना पहिल्या खेपेला संगणक नेऊ देत नाही. वही न्यावी, वाडीचे नाव तेथील माणसे उच्चारतात तसे लिहावे आणि परतण्यापूर्वी ते त्यांना वाचून दाखवावे.