राष्ट्रवाद नागरी की वांशिक, हे कायद्यातून कसं ओळखावं

वडोदऱ्याच्या अभ्यासमंडळात राष्ट्र समान नागरिकत्वाने बनतं (नागरी) की समान पूर्वजांनी (वांशिक), हा विषय घेताना घोषणा बाजूला ठेवा आणि थेट नागरिकत्वाचा कायदा उघडा. प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा: परका माणूस ही पूर्ण करू शकतो का? राहून, भाषा शिकून किंवा शपथ घेऊन जमणारी अट नागरी. पूर्वज कोण होते यावर अडणारी अट वांशिक.

मग तारखा लावा, कारण देश एका जागी थांबत नाहीत. जर्मनीच्या १९१३ च्या कायद्यात वंश निर्णायक होता. तिथे जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व २००० पासून मिळू लागलं, तेही पालकांच्या वास्तव्याच्या अटीवर. भारत उलट दिशेने गेला: १९५५ च्या कायद्यात इथला जन्म जवळपास पुरेसा होता, पण १ जुलै १९८७ पासून पालकांपैकी एक भारतीय असणं आवश्यक झालं आणि २००४ मध्ये अट आणखी कडक झाली. म्हणून ‘जर्मनी वांशिक, भारत नागरी’ असे शिक्के मारू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा भाषावार राज्यांवरून होतो: भाषेवरून राज्य म्हणजे वांशिक राष्ट्रवाद, असं वाटतं. पण राज्य आणि नागरिकत्व वेगळं. १ मे १९६० ला वडोदरा गुजरातमध्ये गेलं. इथल्या मराठी कुटुंबांचं राज्य बदललं, नागरिकत्वाला धक्काही लागला नाही.