आरसे आणि मेमरी सीट: या चुका टाळा

आधी आरसे, मग सीट. हा उलटा क्रम सर्रास दिसतो. सीट जरा पुढे-मागे झाली की डोळ्यांची जागा बदलते आणि लावलेले आरसे वाया जातात. सीट, पाठ, स्टिअरिंग, आतला आरसा, मग बाहेरचे, असंच करा. आतल्या आरशाची रात्रीची खिट्टी (मागच्या गाड्यांच्या दिव्यांची चमक कमी करणारी) तो लावण्याआधी दिवसाच्या बाजूला हवी.

बाहेरच्या आरशात अर्धा भाग स्वतःच्याच दाराने भरलेला असतो. तुमचं दार तुम्हाला ओव्हरटेक करणार नाही! डोकं खिडकीला टेकवा आणि गाडीची कड जेमतेम दिसेल इतपत चालकाकडचा आरसा बाहेर वळवा. दुसऱ्या आरशासाठी दोन्ही सीटच्या मधोमध झुका. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसत नाही म्हणून नवखे घाबरतात आणि आरसे पुन्हा आत वळवतात. दोन दिवस दम धरा, सवय होते. लेन बदलताना मान मात्र वळवायचीच.

मेमरी सीट म्हणजे सीट आणि आरशांची जागा लक्षात ठेवून बटणावर परत आणणारी सोय. मेमरीत त्या क्षणाची स्थिती साठते. ‘सेट’ दाबून लगेच 1 किंवा 2 दाबायचं. मध्ये रेंगाळलात तर काहीच साठत नाही. नंतर आरसा हलवला तर पुन्हा साठवावं लागतं. आतला आरसा बहुतेक गाड्यांत मेमरीत नसतोच. 1 वर साठवल्यावर 2 दाबा, मग 1, आणि सगळं जागेवर येतं का ते बघा. एवढंही न करता ‘मेमरी बिघडली’ म्हणणारे पुष्कळ.

‘रिव्हर्समध्ये आरसा आपोआप पडतो’ ही तक्रार तर नेहमीची. आरसा पडत नाही. फुटपाथची कड आणि मागचं चाक दिसावं म्हणून शेजारच्या सीटकडचा आरसा मुद्दाम खाली झुकतो. मालक वैतागून तिथल्या तिथे बटणाने तो वर करतो. काही गाड्या तीच रिव्हर्सची नवी जागा धरतात. मग महिन्याभराने तोच मालक ‘आरसा झुकत नाही’ म्हणून वर्कशॉपात हजर, आणि मोटर बदलायची चर्चा सुरू! आधी आरसा निवडायचं बटण बघा. अनेक गाड्यांत ते मधल्या जागी असेल तर आरसा झुकतच नाही. ब्रेक दाबून रिव्हर्स टाका, त्या बाजूचा आरसा निवडा, चाक दिसेपर्यंत खाली आणा. ही जागा कशी साठते ते गाडीगणिक वेगळं असतं, म्हणून पुस्तिका उघडा.

मोटरवाल्या आरशाची काच बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते झिजतात. बॅटरी काढली असेल तर मेमरी एकदा तपासून घ्या.